आप्पाने खाल्लेला स्टँप पेपर

माझी नात सारिका सही करायला वाकली, तोच गणपत आप्पाने तिच्यापुढचा स्टँप पेपर उचलला, चार घड्या घातल्या आणि तोंडात टाकला.

आमच्या पडवीत पंच बसले होते. सारिकाची फारकत चालली होती. पंचांपुढे काडी मोडली की नवरा-बायको सुटले, ही आमच्याकडची जुनी रीत. वर कागदही करतात. त्यात लिहिलं होतं, सारिकाला पोटगी नको, दागिने नको, भांडी नको, तीन वर्षांच्या पोरीचा खर्चसुद्धा ती मागणार नाही. ‘सही कर नि मोकळी हो,’ सगळे तिला सांगत होते. मीही सांगत होते.

‘थुक, आप्पा! थुक तो!’ बायजा ओरडली. बायजा आप्पाची सख्खी बहीण आणि सारिकाची सासू. म्हणजे आप्पा मुलाचा मामा, बसलाही मुलाकडच्या बाजूला होता.

‘गेला गो,’ आप्पा म्हणाला. ‘जरा पानी द्या.’

कोणाला नवल वाटलं नाही. आप्पा माझा शेजारी. डॉक्टरने तंबाखू सोडायला लावली तेव्हापासून तो कागद चघळतो. लग्नपत्रिका त्याच्या हातात कोणी देत नाही, तारीख वाचून दाखवतात आणि परत घेतात. एकदा मुरबाडच्या एसटीत चेकरने तिकीट मागितलं, तर याने तोंड उघडून दाखवलं. ‘हाय ना, आत हाय.’ दंड भरला आणि पावतीही खाल्ली. वर चवी सांगतो. लाइट बिल कडू, पत्रिका गोड, वर्तमानपत्र पोटाला जड.

‘नि स्टँप पेपर?’ एका पंचाने विचारलं.

‘खारट,’ आप्पा म्हणाला.

नवा कागद शहापूरला मिळायचा. तो दिवस शनिवार, कचेरी सोमवारी उघडणार, म्हणून बैठक पुढे ढकलली. सोमवारी पहाटेच आप्पा दारात.

‘आक्का, पोरीला घेऊन चल. वकीलबाई बघून ठेवलीय.’

‘तू मुलाकडचा ना रे?’

‘मुलाकडचा हाय, म्हणून काय आंधला हाय?’

वकीलबाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘आजी, लेकराच्या खर्चाचा हक्क लेकराचा असतो. आईलाही तो सोडून देता येत नाही. आणि लग्नातलं स्त्रीधन हिचं आहे, सासूचं नाही.’ चौथीपर्यंत शिकले मी, पण हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग केस लागली. दीड वर्ष तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला आप्पा आमच्या बाकावर, समोरच्या बाकावर त्याची बहीण. कोर्टातला शिपाई त्याला ओळखायला लागला. तो दिसला की टेबलावरच्या फायली पलीकडे सरकवायचा. शेवटी दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. पोरीचा खर्च दर महिन्याला ठरला, सारिकाला एकरकमी पोटगी मिळाली, मंगळसूत्र आणि बांगड्या परत आल्या. भांडी आप्पाने स्वतः टेम्पोत भरून आणली. बायजाने एक पातेलं लपवलं होतं, तेही चुलीमागून काढून आणलं.

त्या भाऊबीजेला बायजा आली नाही. निरोपही नाही. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून ओट्यावर बसला होता. बायको नाही, मूल नाही, वर्षातून एकदा दारात येणारं माणूस तेवढं एकच. दुपार झाली तेव्हा मी भाकरी घेऊन गेले.

‘नाय येनार ती,’ मी म्हटलं. ‘जेव आता.’

त्याने भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

‘आक्का, तो कागद मी सवयीनं नाय खाल्ला.’

‘कळलं होतं मला.’

‘माज्या फारकतीला शाईची डबी मीच धरली होती. बायकोनं अंगठा टेकवला. कागदात काय लिवलंय तिनं विचारलं, तर म्हनालो, काय नाय, तू टेकव.’

हे त्याने मला सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मी तिथेच बसले होते. मीही गप्प राहिले होते. अंगठा देणारी माझी धाकटी बहीण यमुना. नेसत्या लुगड्यावर गेली आणि पुढची तीस वर्षं तिने भिवंडीत लोकांची भांडी घासली.