भाऊंचं दुसरं पाणी

भाऊंना कॅरमला बोलवायचं म्हणजे आपल्या घरच्या पावडरीची बेअब्रू करून घ्यायची. आल्या आल्या बोर्डावरची चिमूट उचलायचे, अंगठा आणि बोटात चोळायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मटेरियल रिजेक्ट." मग खिशातून स्वतःची पुडी निघायची. सगळा बोर्ड झटकून तिच्यातली पावडर टाकल्याशिवाय सोंगटीला हात लावायचे नाहीत. आमचे मिस्टर चिडवायचे, "भाऊ, एवढं करून हरताच ना!"

"हरेन, पण चांगल्या पावडरीवर हरेन."

भाऊ म्हणजे इंदिरानगरातले आमचे शेजारी आणि माझे मालकसुद्धा. जवळच अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्यांची लहानशी शेड होती, तिथे बोरिक पावडर व्हायची. तुम्हाआम्हाला ती कॅरमपुरती माहीत, पण काचेच्या आणि चिनी मातीच्या कारखान्यांना ती पोत्यांनी लागते. मी तिथे बिलं करायचे, फोन घ्यायचे आणि भाऊंची बोलणी खायचे. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा लागले, ती नोकरीला लागली तरी मी आपली तिथंच.

जगातली प्रत्येक गोष्ट भाऊंच्या लेखी माल होती आणि बहुतेक माल रिजेक्ट. लग्नातला मसालेभात रिजेक्ट, नवा रस्ता रिजेक्ट, डॉक्टरांनी दिलेलं औषध तर वासावरूनच रिजेक्ट. माझ्या मुलीला बघायला स्थळ आलं, तेव्हा न बोलावता येऊन बसले. मुलाशी हात मिळवला तोही अंगठ्यानं त्याचा तळवा चोळत. पोरगं बिचारं घाबरलं. मग माझ्या कानात, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, "लॉट बरा आहे. घेऊन टाका." आमचे जावई हे अजून रंगवून सांगतात.

मग एके दिवशी सरकारचा हुकूम आला. बोरिक पावडर बनवणाऱ्या प्रत्येकानं गुणवत्तेचा परवाना घ्यायचा, पोत्यावर त्याचा सरकारी शिक्का मारायचा. शिक्का नाही तर विक्री नाही. आजूबाजूच्या शेडवाल्यांची पाचावर धारण बसली. प्रयोगशाळा उभारा, केमिस्ट ठेवा, नमुने द्या, एक ना दोन! आमच्या भाऊंनी मात्र पेढे वाटले.

"शेवटी सरकारला अक्कल आली, सोनवणेबाई! आता कळेल कुणाचं मटेरियल काय आहे ते."

"भाऊ, पेढे निकालानंतर वाटतात."

"पहिल्या नंबरचा मुलगा निकालाची वाट बघत नसतो."

झालं! मागची अडगळीची खोली साफ करून तिची प्रयोगशाळा झाली. आणि मग सुरू झाल्या तालमी. साडेपाचला सुटी झाली तरी आम्हाला सोडायचे नाहीत. मी व्हायचं तपासणी अधिकारी. कपाळाला आठ्या घालून विचारायचं, "तुम्ही मालाची परीक्षा कशी करता?" की भाऊंनी अंगठा पुढे केलाच!

"अहो भाऊ, अंगठा नाही! काचेची नळी दाखवा, रजिस्टर दाखवा!"

"सवय हो बाई, सवय. पुन्हा पहिल्यापासून."

या तालमीतून सूट एकट्या दगडूमामांना. दगडूमामा नांदगावकडचे, शेड सुरू झाली तेव्हापासूनचे कामगार. तयार पावडर टाकीत गार पाण्यानं दोनदा धुवायची, म्हणजे तिच्यातलं उरलंसुरलं ॲसिड निघून जातं, हे त्यांचं काम. अलीकडे हात थरथरायला लागले होते, पण भाऊ त्यांना कधी एका शब्दानं बोलत नसत. साडेपाच वाजले की म्हणायचे, "जा रे दगडू, बस चुकेल तुझी."

अधिकारी आले. तरुण होते, बोलायला गोड. भाऊंनी अंगठा आठवणीनं खिशात ठेवला. नमुना सीलबंद होऊन गेला आणि अहवाल आला: नापास. माल नीट धुतलेला नाही, ॲसिडचा अंश राहिला आहे.

परवाना नाही म्हणजे शेडला कुलूप आणि आम्ही सगळे घरी. पुन्हा नमुना द्यायची एक संधी होती. भाऊ एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे." माझं डोकंच फिरलं. धुणं कुणाचं काम ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं! त्या संध्याकाळी मी अर्ध्या वाटेवरून परत फिरले. म्हटलं, आज तोंडावर सांगायचं, माणूस बदला म्हणून.

आत बघते तर भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीशी उभे. एका हातात पाण्याची नळी, दुसऱ्या हातात ढवळायचा दांडा.

"भाऊ! हे काय चाललंय?"

ते असे दचकले, जसं काही लोणी चोरताना पकडलं. "दुसरं पाणी देतोय. दगडूला आता एकच झेपतं."

"म्हणजे रोज तुम्ही?"

"रोज. त्या तालमींच्या नादात नेमकं त्याच लॉटला राहिलं." मग नळी बंद करून म्हणाले, "त्याला सांगू नका हं बाई. त्याला वाटतं, आपण धुतलेला माल बाहेर जातोय. वाटू दे."

सगळ्या जगाला नापास करणारा हा माणूस! माणूस बदलायची गोष्ट मी तशीच गिळून टाकली.

तालमी बंद झाल्या. दुसरा नमुना पास झाला. शिक्का मारलेलं पहिलं पोतं बाहेर निघालं त्या दिवशी पुन्हा पेढे. दगडूमामा नळावर हात धूत होते. मी आपला शहाणपणा केला, "मामा, आता सगळं मार्गी लागलं. मुलगा बोलावतोय तर जा की नांदगावला, आराम करा."

ते हसले. "ताई, हात थरथरत्यात, डोकं नाय. दुसरं पाणी कोन देतं, मला काय म्हाईत नाय व्हय?"

"मग कशाला थांबलात हो?"

त्यांनी आत भाऊंकडे पाहिलं. "वहिनी गेल्यापासून भाऊंच्या घरी कोन हाय? साडेपाचला कुलूप लावून ते जातील कुठं? मी हाय तवर त्यांना संध्याकाळचं काम हाय." मग पिशवी उचलून म्हणाले, "तुमी नका सांगू बरं त्यांना."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी ख्याती, पण हे मी कुणालाच बोलले नाही. गेल्या वर्षी दगडूमामा गेले. भाऊंनी त्याच महिन्यात शेड भाच्याच्या नावावर करून टाकली. सगळे म्हणाले, वय झालं आता भाऊंचं. मी म्हटलं, हो, झालं असेल.