इंगळे नाझरांचा घरचा दौरा

आमचे शेजारी इंगळे नाझर बायकोबरोबर भाजीबाजारात निघाले, तरी आदल्या दिवशी त्याचा 'दौरा कार्यक्रम' लिहून दाराला चिकटवत. प्रस्थान, सव्वापाच. वांग्यांची पाहणी, साडेपाच. परत, सहा. वांगी मनाजोगी निघाली तर मुक्काम दहा मिनिटांनी वाढवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे राखून ठेवलेला असे.

दोष त्यांचा नव्हता. अकोल्याच्या कचेरीत नाझर म्हणून साहेबांच्या दौऱ्यांचा बंदोबस्त ठेवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. साहेबांच्या एक दिवस आधी नाझर पोचणार, पलंग, कंदील, कपबशा जागच्या जागी लावणार आणि साहेब आले की दाराआड उभे राहणार. "कसूर नाही पायजे," हे त्यांचं ब्रीद. इतकं सामान लागणारा आणि इतकं कमी काम करणारा प्राणी साहेबाखेरीज मी दुसरा पाहिला नाही. पण इंगळ्यांसमोर हे बोलायची सोय नव्हती.

साठ सालाच्या आसपास एका श्रावणात त्यांनी कुटुंबासह चिखलदऱ्याचा बेत केला. भर पावसात साहेब तिकडे फिरकत नसत, म्हणून तिथल्या सरकारी बंगल्यातल्या दोन खोल्या मिळाल्या. मलाही आमंत्रण होतं. त्यांची लेक मंदा आठ दिवस आधीपासून घरात छत्री उघडून फिरू लागली. कौसल्यावहिनींची अट एकच.

"मले धबधबा नाही दाखवला तरी चालते. पन व्हरांड्यात आमच्यासंगं खुर्चीवर बसून एक कप चहा घ्याचा. वीस वर्सं त्या खुर्च्यांच्या नुसत्या गोष्टीच आयकून राहिली मी."

"मंजूर," नाझर म्हणाले. आणि सवयीप्रमाणे एक दिवस आधी एकटेच निघून गेले!

"पाहा भाऊजी," वहिनींनी कपाळाला हात लावला, "सोताच्याच सुट्टीचे शिपाई झाले हे!"

मायलेकींना घेऊन मी निघालो. परतवाड्याला गाडी बदलली. घाट लागला आणि मंदा निम्मी खिडकीबाहेर. "काका, ढग! आमी वर अन् ढग खाली!" वहिनींनी तिला आत ओढलं आणि स्वतःच डोकं बाहेर काढलं. आत आल्या त्या चिंब, आणि हसू आवरेना.

बंगल्यावर चादरी ताठ, शेगडी पेटलेली, व्हरांड्यात चार खुर्च्या एका ओळीत. धुकं थेट कठड्याला टेकलेलं. आम्ही बसलो. चहा आला. चौथी खुर्ची रिकामीच. नाझर हात मागे बांधून दाराआड उभे.

"काहून उभे आहा, मंदाचे बाबा? या ना."

"सगळं बराबर आहे ना? काही कसूर..."

"आहे ना कसूर. एक मानूस कमी आहे."

ते आले. खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. मंदाने कप पुढे केला, तो घ्यायला उठून उभे राहिले. वहिनींनी बाही धरून खाली बसवलं.

पाऊस कौलांवर वाजत होता. बऱ्याच वेळाने नाझर माझ्या बाजूला झुकले.

"एक विचारू? साहेब लोक इथं बसून करत काय होते? मी कधी पायलंच नाही."

मी वहिनींकडे पाहिलं.

"काही नाही करत," वहिनी म्हणाल्या. "पाठ टेका."

टेकण्याआधी नाझरांनी एकदा वळून दाराआड पाहिलं. तिथं कोणी उभं नव्हतं.