गॅरंटीचं ऊन

"ऊन? त्यासाठी खाली कशाला जायला हवं? ऊन मी घरात आणून देतो!"

असं म्हणणाऱ्याचं काचांचं दुकान होतं. त्यामुळे त्याला अडवणार कोण? लेकीचे पाय दुखायचे, पळता पळता ती मध्येच फतकल मारायची. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, ड जीवनसत्त्व कमी आहे. सुट्टीभर रोज अंगावर ऊन घेऊ दे, नाहीतर औषध सुरू करू.

झालं! काचवाल्याने बाल्कनी चारी बाजूंनी बंद केली, तीही दुकानातली सगळ्यात महागडी काच लावून. आत नवाकोरा निळा सोफा टाकला. रोज जेवणाआधी बापलेक त्यावर बसायचे.

"बाबा, खाली खेळायला जाऊ?"

"आधी ऊन खा!"

"खाली पण ऊनच आहे ना!"

"तिथे धूळ आहे. गप्प बस!"

सुट्टी संपली आणि रिपोर्ट आला. आकडा आणखी खाली! काचवाल्याचा पारा चढला. एवढा खर्च, एवढी मेहनत, आणि पोरीचे पाय दुखतातच! दोष उन्हात नाही, काचेत तर नाहीच नाही. मग उरलं काय?

"हे आनुवंशिक आहे!" त्याने बायकोला सुनावलं. "तुमच्या घराण्यातून आलंय!"

नेमक्या त्याच वेळी सासूबाई दारात उभ्या होत्या.

"आमच्या घराण्यातून? काढा माझं रक्त! आणि जावईबापू, तुमचंही काढा!"

सगळं कुटुंब दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचले. सासूबाई उत्तम. बायको ठीकठाक. काचवाला लेकीच्याही खाली!

"बघा, कुणाचं घराणं ते!" सासूबाईंचा चेहरा असा खुलला की दवाखान्यात दिवा लावायची गरज उरली नाही.

"भांडू नका हो," डॉक्टरबाई वैतागल्या. "आनुवंशिकतेचा वाटा असतोच. सारख्याच उन्हात एकाच्या अंगात जास्त तयार होतं, दुसऱ्याच्या कमी. पण मुळात अंगावर ऊन पडायला हवं ना! बसता कुठे तुम्ही?"

काचवाल्याने छाती फुगवून बाल्कनीचा फोटो दाखवला. डॉक्टरबाईंनी फोटो पाहिला, मग स्वतःची खिडकी पाहिली.

"हीच काच तुम्ही मला विकलीत. तेव्हा काय म्हणाला होतात?"

हे तर त्याला झोपेतही पाठ होतं. "पडद्यांचा रंग उडवणारी किरणं आत फिरकणारसुद्धा नाहीत, गॅरंटी..."

बोलता बोलता त्याने स्वतःच बाल्कनीचा फोटो पुन्हा निरखून पाहिला.

"ड जीवनसत्त्व बनवणारी किरणं त्यांचीच भावंडं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साध्या काचेतूनही ती फारशी येत नाहीत. तुमच्या काचेचं तर बोलायलाच नको! आता दोघांनाही औषध. आणि मोकळं ऊन!"

"म्हणजे मी खाली जाऊ?" लेकीने विचारलं.

काचवाल्याने होकारार्थी मान हलवली. पोरीची सगळी सुट्टी आपण काचेआड घालवली, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. अर्थात सासूबाईंसमोर कबूल कोण करणार!

दुसऱ्या दिवशी लेक अंगणात मैत्रिणींबरोबर चेंडू खेळत होती आणि काचवाला पायरीवर घाम पुसत बसला होता. एवढ्यात वरची एक काच सरकली. निळ्या सोफ्यावर ऐसपैस बसलेल्या सासूबाईंनी मान बाहेर काढली.

"जावईबापू! गॅरंटी मात्र खरी हं तुमची! सोफ्याचा रंग जरासुद्धा उडालेला नाही!"