जोतं खाली, घर वर

या मंडळी, सतरंजीवर जवळ सरका! आमचं घर एकीकडे आणि त्याचं जोतं दुसरीकडे, हे कसं झालं ते सांगतो.

भीमेकाठी आमचं रान. मी ठरवलं, घर बांधायचं ते असं, की खाटेवरून उठलं की भीमामाईचं दर्शन! अंगणासाठी मुरूम टाकून ओढ्याचं तोंड बुजवलं आणि त्या भरावाला लागून काठावर झकास जोतं उभारलं.

बायको बानूबाई म्हणाली, "आवं, पाटबंधारेवाल्यांनी निळी रेघ ठरवलीया म्हणं. पुराचं पाणी येतं तिथवर बांधाय बंदी हाय."

"नदी आपली आई! आई लेकराच्या घरात घुसती व्हय?"

"तुमची आई कवा दार वाजवून आली?"

मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि जोत्यावरच कीर्तन ठरवलं. महाराज श्रीगोंद्याकडचे, आमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. मेव्हणा भैरू जीप घेऊन न्हावऱ्याच्या स्टँडवर गेला आणि एका गृहस्थांना घेऊन आला. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, काखेत पिशवी. त्यांनीच स्टँडवर विचारलं होतं, "हौसरावांच्या नव्या जोत्यावर कसं जायचं?" आणखी काय पुरावा हवा!

मी त्यांचे पाय धुतले. "अहो, अहो, हे काय!" ते म्हणाले. केवढी नम्रता! तीर्थ घेतलं, बुक्का लावला, हार घातला, वीणेकऱ्यापुढं उभं केलं आणि गावादेखत माइकवर गरजलो, "नारदाच्या गादीवरून येईल तो शब्द हा हौसराव मोडणार नाही!"

टाळ कडाडले. गृहस्थांनी जोतं पाहिलं, ओढा पाहिला, घसा साफ केला.

"मी पाटबंधारेचा. आमची जीप बिघडली म्हणून एसटीनं आलो. हे बांधकाम निळ्या रेषेच्या आत आहे. ओढा बुजवलाय, पावसाचं पाणी मागच्या वस्तीत शिरेल. इथला काठही ढासळेल. भराव काढा, घर वरच्या माळावर बांधा."

टाळ बंद! मागच्या वस्तीवरचे गेणबा आप्पा तेवढे टुणकन उठले.

"हौसा, गादीवरचा शब्द हाय बरं का!"

"आप्पा, पण हे महाराज न्हाईत!"

"मग पाय कुणाचं धुतलं? तीर्थबी पेलास की!"

पेलो होतो हो! गावानं बघितलं होतं.

भराव निघाला, घर माळावर गेलं. त्याच श्रावणात भीमा फुगली आणि जोत्यावर कंबरभर पाणी चढलं. ओढा मोकळा होता म्हणून आप्पांच्या वस्तीत थेंब शिरला नाही. आता पाहुणे आले की बानूबाई ओसरीवरून खालच्या जोत्याकडं बोट दाखवते, "ती सासूबाईंची खोली!"

पांडुरंगानं राखलं, दुसरं काय. पण मंडळी, एक मागणं आहे. पुढच्या कीर्तनाला बसाल तेव्हा आमच्या खऱ्या महाराजांची आठवण ठेवा. बिचारे त्या दिवशी शेवटची एसटी जाईपर्यंत न्हावऱ्याच्या स्टँडवर बसून होते. साहेबांना जीपमध्ये बसवताना आमच्या भैरूनं त्यांनाच दटावलं होतं, "बाजूला सरका बाबा, महाराज आल्यात!"