चौदा मुद्द्यांचा कॅमेरा

माझ्या हातून आजवर एकही खराब वस्तू पुढे गेलेली नाही. ही बढाई नाही, नोंद आहे. डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मी दर्जा तपासनीस आहे. दिवसाला चारशे झाकणं उघडतो, आत डोकावतो, परत लावतो. पास असेल तर हिरवा स्टिकर, नापास असेल तर लाल. एकदा आईने घाईत साखरेचा डबा मागितला, तर मी पाच मिनिटांनी लाल स्टिकर लावून दिला. तेव्हापासून ती माझ्याकडे काही मागत नाही.

त्यामुळे ताईचा फोन आला, "तुझ्या भाचीला तो लगेच फोटो बाहेर येणारा कॅमेरा घ्यायचाय, तू निवडतोस का?" तेव्हा माझी छाती चांगली दोन इंच फुगली. शेवटी घराला माझी किंमत कळली तर!

भाची नऊ वर्षांची. घरात तिला टिपकागद म्हणतात, कारण समोर दिसेल ते टिपते. ताईच्या फोनमध्ये तिचे तीन हजार फोटो आहेत: मुंगीची पाठ, वॉशिंग मशिनचं पोट, दुपारी झोपलेल्या बाबांच्या उघड्या तोंडाची संपूर्ण मालिका. सोमवारी तिच्या शाळेत फोटोंचं प्रदर्शन होतं. विषय, 'माझ्या घरचा माणूस'. बाईंची एकच अट, फोनवरचे फोटो चालणार नाहीत. गेल्या वर्षी पालकांनी फोनवर इतकी रंगरंगोटी केली की एका मुलीचे आजोबा तिच्या बाबांपेक्षा तरुण निघाले. यंदा फोटो कॅमेऱ्यातून थेट कागदावर यायला हवा.

"मामा, सोमवारच्या आत हं," टिपकागद म्हणाली. महिनाभर ती बोटांची चौकट करून घरभर फिरत होती. "बाईंनी मला दाराजवळची जागा दिलीय. सगळ्यात पहिली!"

"कॅमेरा मामा निवडतोय," मी म्हणालो. "चुकायचा प्रश्नच नाही!"

शनिवारी सकाळी आम्ही दुकानात गेलो. दुकान एका म्हाताऱ्या काकांचं. चष्मा छातीवर लोंबकळत, आवाज मऊ. मी चौदा मुद्द्यांची यादी काढली. लहान हातात मावतो का, मनगटाची दोरी किती ताण सोसते, जवळचा फोटो येतो का, असं करत करत चौदावा मुद्दा, तपासनीसाचं समाधान.

"साहेब, मुलीच्याच हातात द्या की," काका म्हणाले. "तिला कुठला आवडतो ते बघू."

"काका, भावनेच्या भरात खरेदी होत नसते!"

टिपकागदने पहिल्याच मिनिटाला छोटा निळा कॅमेरा उचलला होता. दोन तासांनी माझे चौदाही मुद्दे त्याच छोट्या निळ्या कॅमेऱ्यावर येऊन थांबले. पण माझा निर्णय शास्त्रशुद्ध होता, एवढा फरक आहे.

घरी आलो. फिल्मच्या पाकिटावर लिहिलं होतं, दहा फोटो. दहाच आहेत हे पाकीट म्हणतं. मोजल्याशिवाय मी कसं म्हणणार? फिल्मची डबी बसवली, ताईला उभं केलं, बटण दाबलं. आतून एक काळा कुळकुळीत कागद बाहेर आला.

"पहिलाच नग खराब!" मी ओरडलो.

"मामा, पुस्तिकेत लिहिलंय की—"

"तपासणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही."

मी मागचं झाकण उघडलं, डबी काढली, टेबललॅम्पखाली धरून आतले कागद एकेक सरकवून मोजले. बरोबर दहा! परत बसवले. मग ताईचे दहा फोटो काढले. दहाच्या दहा पांढरेशुभ्र. ताईचा पत्ताच नाही.

"एवढी बारीक तर मी लग्नातही नव्हते," ताई म्हणाली.

मी कॅमेऱ्यावर लाल स्टिकर लावला आणि दुकान गाठलं. काकांनी खजील होऊन कॅमेरा आणि फिल्म, दोन्ही बदलून दिलं. दुसरी डबी मी लॅम्पच्या भरवशावर ठेवली नाही, खिडकीतल्या उजेडात उघडून मोजली. दहा फोटो पांढरे! परत लाल स्टिकर, परत दुकान. तिसरी डबी सरळ गच्चीवर नेली, भर दुपारी. परत दहा पांढरे!

जेवणाच्या टेबलावर आता तीस कोरे चौकोन मांडलेले होते. हा एका कॅमेऱ्याचा प्रश्न उरलाच नव्हता. मी दोन पानी अहवाल लिहिला, खाली सही ठोकली आणि रविवारी दुपारी तिसरा कॅमेरा आणि टिपकागदला घेऊन दुकानात हजर झालो.

काकांनी अहवाल वाचला आणि मटकन स्टुलावर बसले. "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं हो." मग उठले, फळीवरची सगळी फिल्म काढून खोक्यात भरली आणि काचेवर पाटी लावली, 'तपासणी होईपर्यंत विक्री बंद'. दोन गिऱ्हाईकं दारातूनच परत गेली. मला भरून आलं. केवढा हा माझ्या शब्दाला मान!

"म्हणजे उद्या माझी जागा रिकामी?" टिपकागदचा खालचा ओठ पुढे आला होता.

"जागा रिकामी राहिली तरी चालेल, पण खराब माल—"

तिने पुढचं ऐकलं नाही. सोबत आणलेला ताईचा फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. "काका, हे बघा. हा मामा शनिवारी, टेबललॅम्पपाशी. हा खिडकीत. हा गच्चीवर."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बराच वेळ चढवूनच ठेवला.

"साहेब, तुम्ही मागचं झाकण उघडलंत?"

"अर्थात!"

"आत फिल्म असताना?"

"मोजायला."

"गच्चीवर? उन्हात?"

"नीट दिसावं म्हणून."

"तिन्ही वेळा?"

"काका, मी सगळ्यांना समान न्याय देतो."

काकांनी खोल श्वास घेतला. "अहो, फिल्मला उजेड लागला की ती गेलीच! तो काळा कागद तिला उजेडापासून वाचवायलाच असतो. पहिल्यांदा तोच बाहेर येतो."

"मी केव्हाची सांगतेय!" टिपकागद म्हणाली. "पुस्तिकेचं तीन नंबरचं पान."

मी फोनवरचे फोटो बघत होतो. गच्चीवरच्या फोटोत ऊन नेमकं माझ्या हातातल्या डबीवर पडलं होतं आणि माझ्या चेहऱ्यावर जगातलं सगळं ज्ञान जमलं होतं. गुन्ह्याचा इतका सुंदर पुरावा मी पाहिला नव्हता.

काकांनी पाटी काढली, एक नवी डबी टिपकागदच्या हातात ठेवली. "मात्र एका अटीवर—"

"मामाने हात लावायचा नाही," दोघंही एकदम म्हणाली.

तीस वाया गेलेल्या फोटोंचे पैसे मी मुकाट्याने दिले. मग मला स्टुलावर बसवण्यात आलं, तळहात मांड्यांखाली दाबून. तिने डबी बसवली, बटण दाबलं. काळा कागद बाहेर आला. तिने माझ्याकडे बघितलं. मी तळहात आणखी घट्ट दाबले. मग ती दोन पावलं मागे गेली, एक पाऊल डावीकडे, थांबली.

"मामा, हसू नकोस. काय चुकलं ते आठव."

खटॅक!

पांढरा कागद बाहेर आला. मी 'नापास' म्हणणार होतो, पण जीभ चावली. हळूहळू त्यातून एक कान आला, मग कपाळ, मग सगळा मी.

सोमवारी शाळेत दाराजवळ गर्दी होती. बाई म्हणत होत्या, "चेहरा बघा, किती खरा! असा अभिनय जमत नाही कुणाला." मी मान ताठ करून पुढे घुसलो. फोटोखालच्या पांढऱ्या पट्टीवर माझ्याच पाकिटातला लाल स्टिकर होता. नापास.

लोक फोटोकडे बघत, मग माझ्याकडे. मी जवळ जाऊन तपासलं. स्टिकर कडेला अगदी समांतर, एकही कोपरा उचललेला नाही, खाली एकही बुडबुडा नाही. कारखान्यात मला हे जमायला दोन वर्षं लागली होती!

"माझी भाची आहे," मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगितलं. मग पलीकडच्या एका आजींना. मग शिपायाला, दोनदा.

राहवेना. खिशातून हिरवा स्टिकर काढला आणि फोटोच्या कोपऱ्यावर लावला. हात थोडा हलला. स्टिकर तिरका बसला.

"मामा!" मागून आवाज आला. "हात लावायचा नाही असं ठरलंय ना?"