आवाज आढळला नाही

मी चालवायला बसलो की कुठलीही गाडी आवाज काढत नाही. फुशारकी मारत नाही हो, वर्कशॉपची वही आहे साक्षीला!

अकरा वर्षं मी गाड्यांची ट्रायल घेतोय. म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "पुढून खडखड वाजतंय." खड्ड्यातला धक्का गिळायचं काम पुढच्या शॉकअपचं, त्यामुळे खडखड म्हटलं की पहिला संशय त्याच्यावर. पण कंपनीचा नियम असा, की ट्रायलमध्ये आवाज आला तरच शॉकअप बदलून द्यायचा. मग मी गिऱ्हाइकाला मागे बसवतो, स्टिअरिंग हातात घेतो आणि एक चक्कर मारून आणतो. गेटमधून बाहेर, पाण्याची टाकी, कोर्टाची भिंत, शिंप्याचं दुकान, वळसा आणि परत. आलो की वहीत लिहायचं, "आवाज आढळला नाही." खाली सही. गिऱ्हाईक आल्या पावली घरी!

जादू कसली विचारता? त्या रस्त्यावर चौदा खड्डे आहेत. लोकांना पाढे पाठ असतात, मला खड्डे पाठ. टाकीपाशी उजवीकडे हातभर, कोर्टापाशी दोनदा डावीकडे, शिंप्याच्या दुकानासमोर तर पार फुटपाथला घासून. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चालू, हात आपले काम करतायत. मागच्याला पत्ता लागत नाही. मी याला कौशल्य म्हणत होतो. दुसरा शब्द मला माहीत होता, पण तो मी वापरत नव्हतो.

गेल्या वर्षी एक नवं मॉडेल आलं. दिसायला गोंडस, पण पुढचे शॉकअप असे, की सहा महिन्यांत तेल गळायला सुरुवात! तेल गेलं की राहतं नुसतं लोखंडावर लोखंड. "ब्रेक दाबला की नाक खुपसते," "वळणावर भलतीकडेच ओढते," अशा एक्केचाळीस तक्रारी आल्या. एक्केचाळीस चकरा मारल्या, एक्केचाळीस सह्या ठोकल्या.

मॅनेजर खूश! म्हणाले, "एवढं वर्ष निभावून न्या. सुपरवायझरची खुर्ची तुमचीच."

ती खुर्ची काचेच्या खोलीत आहे आणि तिच्यावर पंखा आहे. अकरा वर्षं इंजिनाची धग खाल्लेल्या माणसाला पंखा म्हणजे काय असतो, ते तुम्हाला नाही कळायचं.

बेचाळिसावी तक्रार आली माझ्या सख्ख्या ताईची.

ताई गावाबाहेर टेकडीवर राहते, कोंबड्या पाळते. रोज सकाळी उतार उतरून बेकऱ्यांना अंडी पोचवते. शेजारच्या सीटवर आमची आई, मांडीवर तीस अंड्यांचा ट्रे. हीच गाडी घे म्हणून तिच्या मागे मीच हात धुऊन लागलो होतो. "माझ्या वर्कशॉपची गाडी आहे ताई, डोळे मिटून घे!" तिने खरंच मिटले.

"अरे, डाव्या बाजूची अंडी फुटतात," ताई म्हणाली. "उजवीकडची एक नाही फुटत. डावीकडची रोज चार-पाच. आणि उतारावर ब्रेक दाबला ना, की गाडी दरीकडे ओढते."

"आई ट्रे नीट धरत नसेल."

"मी?" आई उसळली. "तुम्हा दोघांना एकाच वेळी कडेवर घेऊन पाणी भरलंय मी! ट्रे धरता येत नाही म्हणतो!"

पहिली ट्रायल घेतली. आई ट्रे घेऊन बसली. एक अंडं तडकलं नाही! "आवाज आढळला नाही." ताई गोंधळून घरी गेली.

महिन्याने पुन्हा आली. पुन्हा चक्कर, पुन्हा सही. या खेपेला ती जाताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

तिसऱ्या वेळी मी ट्रायलच्या आधी सहज वाकून चाकाच्या आत पाहिलं. डावा शॉकअप वरपासून खालपर्यंत तेलाने निथळत होता. आता बदलून दिला, तर आधीच्या एक्केचाळीस जणांना काय सांगायचं? आपलेच दात, आपलेच ओठ! मी इकडेतिकडे पाहिलं, खिशातलं फडकं काढलं आणि तेल स्वच्छ पुसून टाकलं. मग आईला शेजारी बसवून चक्कर मारली. हो, त्याच गाडीत, माझ्या आईला. वाचून तुम्हाला माझा राग येत असेल, तर येऊ द्या. मला स्वतःचा तेव्हा आला नाही, हेच मला अजून खुपतं.

ताई चौथ्यांदा वर्कशॉपला आली नाही. तिने सरळ वाहन सुरक्षा खात्याकडे तक्रार ठोकली! खात्याचं पत्र आलं, की तपासनीस स्वतः येतील, गिऱ्हाइकासमोर ट्रायल होईल आणि त्या मॉडेलच्या सगळ्या तक्रारींचा निकाल त्या एका ट्रायलवर लागेल.

मॅनेजरांनी पत्र दोनदा वाचलं. "ही बाई तुमची कोण?"

"बहीण."

"सख्खी?"

"आतापर्यंत तरी."

"मग गाडी तुम्हीच चालवा," ते म्हणाले. "आणि काळजी करू नका, मी सगळी व्यवस्था करतो."

या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात पंख्याखाली बसलो होतो.

सोमवारी तपासनीस आले. किडकिडीत माणूस, काखेत फाइल, बोलणं मोजूनमापून. ते आणि ताई मागे बसले. आई हट्टाने पुढे, मांडीवर भरलेला ट्रे!

"आजी, अंडी कशाला?" तपासनीसांनी विचारलं.

"ही माझी साक्षीदार आहेत," आई म्हणाली. "माणसं खोटं बोलतात."

तिला काही माहीत होतं म्हणून ती तसं बोलली असं नाही. तरी माझे कान गरम झाले.

सकाळी मी मागच्या दाराने आत आलो होतो. गेटमधून बाहेर पडलो आणि बघतो तर काय! रस्ता काळाकुळकुळीत, तुळतुळीत! मॅनेजरांनी कुणाचे तरी पाय धरून शनिवार-रविवारात अख्खा रस्ता नवा करून घेतला होता. एकही खड्डा शिल्लक ठेवला नव्हता. अकरा वर्षांच्या माझ्या कौशल्यावर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता! बरं, निदान मला सांगायचं तरी!

आता तुम्ही म्हणाल, खड्डे नाहीत तर उत्तमच, सरळ जा. अहो, रस्ता नवा झालाय हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. हातांना कोण सांगणार?

टाकी आली. हात उजवीकडे वळले!

"कुत्रं आडवं आलं का?" तपासनीस.

"नाही साहेब."

"मग काय चुकवलंत?"

"काही नाही. सवय."

कोर्टाची भिंत आली. मी दात-ओठ खाऊन स्टिअरिंग सरळ धरलं. हातांनी ऐकलं नाही! एकदा डावीकडे, लगेच दुसऱ्यांदा डावीकडे. मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर आमची गाडी सापासारखी चालली होती. एक सायकलवाला घाबरून उतरूनच उभा राहिला.

"चालकाची तब्येत बरी आहे ना?" तपासनीसांनी ताईला हळूच विचारलं.

"तब्येत धडधाकट आहे," आई पुढूनच म्हणाली. "तो लहानपणापासून नाकासमोर कधी चाललाच नाही."

मी आरशात पाहिलं. ताई माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. एकेका वळणाला तिच्या ओठांची हालचाल होत होती. ती मोजत होती! मागच्या तीन चकरा तिला आत्ता, त्या सपाट रस्त्यावर, एकेक करून समजत होत्या.

त्या नजरेने माझं चित्त उडालं, आणि तेवढ्यात शिंप्याचं दुकान आलं. हात सवयीने फुटपाथकडे गेले. पण नव्या रस्त्याबरोबर तिथे नवा, वीतभर उंच दगडी काठही बसवला होता.

धाड्!

डावं चाक काठावर आपटलं, शॉकअप कडाडून तुटला आणि गाडी त्या बाजूला गुडघा टेकून बसली. तीसच्या तीस अंडी हवेत! काही काचेवर, काही माझ्या डोक्यात, एक अचूक तपासनीसांच्या फाइलवर.

आई बोलेना. कपाळ समोर टेकलेलं, केसांतून पिवळं ओघळतंय, आणि ती बोलेना. माझ्या आयुष्यात आई इतका वेळ गप्प राहिलेली नव्हती. मी ओरडलो, "आई! अगं आई!"

"ओरडू नकोस," ती हळूच म्हणाली. "आहे मी. साक्षीदार गेले सगळे."

तिच्या कपाळावर टेंगूळ येत होतं. ते बघितलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून भडाभडा खरं बाहेर पडलं.

"साहेब, हा शॉकअप आधीच गेलेला होता! आठ महिने तेल गळत होतं! मी स्वतः या हातांनी पुसलं! बाकीच्या एक्केचाळीसही तशाच आहेत! मी खड्डे चुकवायचो, साहेब, म्हणून आवाज यायचा नाही!"

तपासनीसांनी बाहेर येऊन शांतपणे इकडेतिकडे पाहिलं. "कुठले खड्डे?"

रस्ता आरशासारखा चकाकत होता.

"होते साहेब! परवापर्यंत होते! निदान तेल तरी बघा!"

त्यांनी वाकून पाहिलं. तुटलेल्या शॉकअपमधून तेल रस्त्यावर पसरलं होतं. "आता यातलं जुनं कुठलं आणि नवं कुठलं?" मग त्यांनी फाइलवरचं अंडं झटकलं आणि कागद उलगडले. "मार्च, आवाज आढळला नाही. एप्रिल, आवाज आढळला नाही. जून, आवाज आढळला नाही. ही सही तुमचीच ना?"

"माझीच. पण ते खोटं होतं!"

"तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात, आत्ता डोक्याला मार लागलाय," तपासनीस म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त वाईट. "मला कागदावरून चालावं लागतं."

तोवर मॅनेजर धावत आले होते. "हो साहेब, धक्का बसलाय त्यांना! आई शेजारी होती ना!" आणि माझ्या पाठीवर त्यांनी इतक्या मायेने हात ठेवला, की तो झटकायचंही मला सुचलं नाही.

तपासनीसांनी वर्कशॉपची वही मागवली आणि गाडीच्या टपावर ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं. "आवाज आढळला. कारण: चालक. वाहनात दोष नाही. या मॉडेलच्या सर्व तक्रारी निकाली."

"चालकाची सही," ते म्हणाले आणि त्यांनी पेन पुढे केलं.

मंडळी, मी तिथे पेन फेकून देऊ शकलो असतो. "नाही करत सही" असं म्हणू शकलो असतो. ताई समोर उभी होती, आईच्या केसांतली टरफलं वेचत. मी ठरवलंही होतं, देवाशपथ!

पण वही समोर आली, आणि वाक्य वाचून पूर्ण व्हायच्या आत सही झालेली होती.

ताईने आईचा हात धरला. "चल, आपण बसने जाऊ."

"अगं पण त्याला तरी..."

"तो येईल," ताई म्हणाली. "त्याला रस्ता पाठ आहे."

खुर्ची अर्थातच मिळाली नाही. गेल्या महिन्यात मी खात्याला मोठं पत्र लिहिलं, सगळं खरंखरं. पाच ओळींचं उत्तर आलं, सोबत माझ्याच चार सह्यांची नक्कल. निकाल चुकीचा आहे असं मी भेटेल त्याला सांगत फिरतो. फक्त "कारण: चालक" या दोन शब्दांत मला अजून काही चूक सापडलेली नाही.