बलमापन समितीचा फळा

माणसाची ताकद त्याने काय उचललं यावर ठरत नाही. कुणासमोर उचललं आणि त्याची नोंद कुठे झाली, यावर ठरते. बाकी जगाला हे कळायचं तेव्हा कळो, गाझियाबादच्या आमच्या सह्याद्री विहार सोसायटीला ते शहाण्णव सालीच कळलं होतं.

आमची सोसायटी म्हणजे दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांतून निवृत्त होऊन बाहेर पडलेली मराठी कुटुंबं, काही फौजी आणि काही कंपनीवाली नवी मंडळी. चार मजले, एक लिफ्ट. (लिफ्ट विजेवर चालते. वीज गाझियाबादची.) देशात नवं वारं सुटलं तेव्हा आमच्याकडे केबल आली, मक्याचे परदेशी पोहे आले आणि तळघरात स्कूटर ठेवायच्या जागी जिम आली. स्कूटरी पावसात गेल्या. प्रगतीला जागा लागतेच.

जिम आल्यावर प्रश्न पडला की कौतुक नक्की किती किलोला करायचं. कुणी साठ किलो उचलून टाळ्या मागत होता, कुणी ऐंशी उचलूनही दुर्लक्षित होता. अशाने समाजाची घडी बिघडते. म्हणून बलमापन समिती नेमली. अध्यक्ष निवृत्त सुभेदार खंडेराव जगदाळे. चिटणीस विश्वास, आमच्या समोरच्या फ्लॅटमधला, शीतपेयांच्या कंपनीत मॅनेजर. समितीने बराच अभ्यास करून प्रतवारी ठरवली आणि जिममधल्या फळ्यावर लिहिली. स्वतःच्या वजनाइतकं उचललं तर 'समाधानकारक'. दीडपट उचललं तर 'लक्षणीय'. दुप्पट म्हणजे 'थक्क करणारं'. स्वतःच्या वजनाखाली जे काही उरतं ते 'घरकाम'.

माझी बायको वृंदा त्याच सुमारास वीज नसताना गॅसचा सिलेंडर कमरेवर घेऊन चौथ्या मजल्यावर निघाली होती. (मी मागून तिची पर्स आणत होतो. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं माझं.) दुसऱ्या मजल्यावर सुभेदार भेटले.

"सुभेदारसाहेब, हे कुठल्या गटात बसतं?" तिने विचारलं.

"वहिनी, सिलेंडर तीस किलो. तुमच्या वजनापेक्षा कमी. घरकाम."

"आणि चार मजले?"

"समिती उचलणं मोजते. नेणं मोजत नाही."

"अच्छा! मग तुम्ही नुसता उचला, नेते मी."

सुभेदारांना तेवढ्यात खाली काम आठवलं. नियम म्हटला की तो सगळ्यांना सारखा हवा, आणि सुभेदार त्याबाबतीत फार काटेकोर होते.

पुढची सुधारणा विश्वासने आणली. त्याच्या कंपनीत सगळं सरासरीवर चालायचं, म्हणून फळ्यावरही महिन्याची सरासरी लावायची ठरली. जिमच्या सभासदाने महिनाभरात जे जे उचललं त्याची बेरीज, भागिले जितक्या वेळा उचललं तेवढे. जिमबाहेरचंही प्रामाणिकपणे सांगायचं, असा सुभेदारांचा आग्रह. फौजेत लपवाछपवी चालत नाही.

परिणाम आठवड्यात दिसला. एका सभासदाने दुधाची पिशवी उचलली आणि तो 'लक्षणीय'मधून थेट 'समाधानकारक'मध्ये आला. तेव्हापासून आमच्याकडच्या बलवान पुरुषांनी हलकं काही उचलणं सोडून दिलं. भाजी, दप्तर, पाण्याची बादली, रडणारं मूल, सगळं बायकांकडे गेलं. (बायका सभासद नव्हत्या. त्यांची सरासरी बिघडायचा प्रश्नच नव्हता.) समोरच्या फ्लॅटमधून रोज सकाळी ऐकू यायचं.

"अहो, निदान स्वतःचा डबा तरी उचला," विश्वासची बायको सुनेत्रा म्हणायची.

"यार, डबा अर्ध्या किलोचा आहे. माझ्या सरासरीचं काय होईल?"

"मग बोलताय कशाला? जबडासुद्धा उचलावाच लागतो."

यावर विश्वास खरोखरच गप्प झाला. सरासरीला धोका नको.

जानेवारीत नोएडाच्या एका सोसायटीने आव्हान दिलं. एकतीस तारखेच्या सरासरीवर दोन्ही फळ्यांची तुलना व्हायची होती. सोसायटीची इज्जत पणाला लागली. शेवटच्या आठवड्यात तर आमचे काही सभासद चमचाही उचलत नव्हते. त्यांना भरवलं जात होतं.

वृंदा एकतीस जानेवारीला पहाटे गेली. दिवाळीपासून आजारी होती.

तिरडी खाली बांधतात. पण खालचं अंगण जिमच्या जुन्या यंत्रांनी अडलं होतं, म्हणून वर दारासमोरच बांधली. बत्ती गुल होती. असती तरी आडवं माणूस आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा मडकं मी धरायचं होतं. मडकं धरणाऱ्याने पुढे चालायचं, खांदा द्यायचा नाही, अशी रीत आहे. मला फक्त चार माणसं हवी होती. जिन्यात समितीचे अकरा सभासद आले होते. अंदाजे दीड टन ताकद त्या जिन्यात उभी होती.

सुभेदारांनी हळू आवाजात विचारलं, "वहिनींचं वजन?"

"चव्वेचाळीस. दवाखान्यात केलं होतं."

"बांबू धरून बावन्न. भागिले चार. तेरा." सुभेदारांचा चेहरा पडला. माणसाचं दुःख चेहऱ्यावर दिसतं.

विश्वास पुढे झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, समजून घ्या. आज एकतीस आहे. उद्या असतं तर बिल्कुल, पहिला मी. महिन्याच्या सुरुवातीला एक कमी पडलं तरी पुढे भरून निघतं."

मार्ग काढायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. खालून लोखंडी प्लेटा आणून तिरडीवर ठेवाव्यात, म्हणजे वजन सन्मानजनक होईल, असं एकाने सुचवलं. सूचना सर्वांना पटली. पण एक प्लेट वीस किलोची. ती वर आणणं म्हणजे घरकाम. प्लेटा कुणी आणायच्या यावर चर्चा सुरू झाली. माझ्या हातातल्या मडक्यातली गोवरी निम्मी जळली.

तेवढ्यात सुनेत्रा बाहेर आली. पदर खोचलेला. मागे आमच्या मजल्यावरच्या तिघी. बायका खांदा देत नाहीत, अशीही रीत आहे.

"व्हा बाजूला," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे तुम्हीच ना? मग म्हणा. ते हलकंच असतं."

चौघींनी उचललं. वळणावर तिरडी कशी फिरवायची, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्या जिन्यावरून त्यांनी सिलेंडर, कूलर, पिंप सगळं नेलेलं होतं. वृंदाला कुठेही धक्का लागला नाही. समितीने भिंतीला टेकून वाट करून दिली, हे नमूद केलं पाहिजे.

नोएडाला आपण हरवलं. फळ्यावर तसं लिहिलं आहे. खाली समितीने नोंदही घेतली आहे: '३१ जानेवारी. चौथा मजला ते अंगण. चार महिला. घरकाम.'

मी समितीला दोष देत नाही. हिशोब बरोबर होता, मी घरी येऊन पुन्हा करून पाहिला. तुम्हीही करा. तुमचं वजन घ्या, आठ किलो बांबूचे मिळवा, चाराने भागा. बहुतेक वाचक पंचविसाच्या आतच येतात. एवढ्यावर कुठलाही ताकदवान माणूस हात घालणार नाही. उचलतील त्या बायकाच. तेव्हा आज घरातली पाण्याची बादली स्वतः उचलून ठेवा. सरासरी घसरेल म्हणता? हरकत नाही. मग एवढंच करा, पहिल्या तारखेला मरा.